सेवाग्रामहून काय आणायचे?

अजमेरहून येणारा माणूस सोहन हलवा आणतो, हजहून येणारा खजूर आणि जमजम आणतो, नागपूरहून जाणारा संत्रा बर्फीचा डबा घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही. प्रवासाला गेलेल्या माणसाची घरचे लोक वाट पाहतात, आणि खरे सांगायचे तर त्याच्या पिशवीचीही पाहतात. पण सेवाग्रामहून परतणाऱ्याने काय आणावे? ज्याच्या झोपडीत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच वस्तू होत्या, आणि आपल्याजवळ त्यापेक्षा जास्त असू नये अशी ज्याची धडपड होती, त्याच्या अंगणातून आठवण म्हणून काय विकत घ्यायचे, आणि काय विकायचे?

हा प्रश्न आमच्यासमोर आला तो आठवीच्या वर्गामुळे. आमच्या शाळेत जानेवारीत मेळावा भरतो. प्रत्येक वर्ग एक दुकान लावतो. भेळ, पाणीपुरी, मेहंदी, शरबत हा ठरलेला माल, आणि दरवर्षी पाणीपुरीवाला वर्गच सर्वांत जास्त कमावतो. या वर्षी आठवीच्या मुलामुलींनी सांगितले की इतिहासाच्या पुस्तकातल्या एखाद्या चळवळीचे दुकान लावायचे, संग्रहालयाच्या बाहेर असते तसे. इतिहास, उर्दू आणि कार्यानुभव शिकवणारे आम्ही तिघे त्यांच्या वाट्याला आलो. कामठीहून वर्धा नव्वद किलोमीटरच्या आसपास. डिसेंबरमधल्या एका शनिवारी फजरनंतर लगेच बस सुटली. बसमध्ये चाळीस मुले, आम्ही तिघे आणि डब्यांची तीन पोती.

कामठीच्या मुलांना सुताचे आकर्षण असावे यात नवल नाही. इथली मोमीन विणकरांची वस्ती जुनी आहे. उत्तरेकडून आपले वडीलधारे माग खांद्यावर घेऊन आले असे बुजुर्ग सांगत. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी विणकर होऊन गेलेला आहे. आज त्यांचे वडील ऑटो चालवतात, वेल्डिंग करतात, दुकानात बसतात. मागाचा खड्डा बुजवून त्यावर फरशी घातलेली घरे आम्हाला पाठ आहेत.

वर्ध्यात आधी मगनवाडीला जावे आणि मग सेवाग्रामला, असे आमचे मत झाले आहे. बहुतेक सहली थेट आश्रमात जातात आणि मगनवाडी राहून जाते. जमनालाल बजाज यांनी आपली ही बाग गांधीजींना दिली. १९३४ च्या डिसेंबरमध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम इथून चाले आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. साबरमतीला चरख्याचे काम उभे करणारे मगनलाल गांधी १९२८ मध्ये वारले, त्यांच्या नावावरून ही मगनवाडी. ३० डिसेंबर १९३८ रोजी इथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन स्वतः गांधीजींनी केले.

संग्रहालयात चरख्यांची इतकी रूपे आहेत की मुले मोजता मोजता थकली. आम्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चरखा म्हणजे एकच चित्र असते, मोठे चाक आणि त्यामागे बसलेली आजी. इथे कळते की त्या चाकावर किती डोकी खपली होती. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी स्वतः ज्याच्यावर मेहनत घेतली तो पेटी चरखा मिटला की पुस्तकाच्या पेटीएवढा होतो. १९२९ मध्ये चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! अटी अशा की यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालावे, बाईला आठ तास त्रास न होता चालवता यावे, वीस वर्षे टिकावे आणि किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये. हे ऐकून एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे गांधीजी मशीनच्या विरोधात नव्हते?" कार्यानुभवाच्या सरांनी त्याला त्या अटी पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावल्या आणि उत्तर दिले नाही. आम्हाला ते आवडले.

इथेच विक्रीचा विभाग आहे. खादीचे कापड, नैसर्गिक रंगांत रंगवलेले. नीळ, डाळिंबाची साल, हिरडा, मंजिष्ठ, असे रंग कुठून येतात ते मुलींनी खोदून खोदून विचारले. त्यांच्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी या पानावर आहेत. कापडाची किंमत पाहून मात्र त्या चपापल्या. एवढ्यात दोन ड्रेस येतील, एकीने हळूच म्हटले. ती किंमत अशी का, याचा उलगडा व्हायला आम्हाला पुढे पंधरा दिवस लागले.

तिथून सेवाग्राम आठ किलोमीटर. या गावाचे मूळ नाव शेगाव. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी इथे आले. गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम झाले. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, आखरी निवास. माती, बांबू, बल्ल्या आणि कवेलू. जोडे बाहेर काढून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय ठेवला की डिसेंबरातही तळव्यांना गारवा लागतो. आमच्या मुलांचा गोंगाट दारातच बंद झाला आणि तो आम्हाला बंद करावा लागला नाही.

या कुट्यांमध्ये दोन वस्तू अशा आहेत की मुलांनी त्या विसरणे शक्य नाही. एक साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा. दुसरी टेलिफोनची खोली. या माणसाशी केव्हाही बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी रानातल्या या खेड्यापर्यंत तार ओढून घेतली होती. सत्ता ज्याच्यापर्यंत तार ओढत येते आणि जो स्वतः सत्तेकडे जात नाही, हे मुलांना पुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा त्या लहानशा खोलीने जास्त समजावले. परचुरे कुटीपाशी आम्ही थोडे जास्त थांबलो. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, कुष्ठरोग झाला म्हणून लोकांनी दूर केलेले. त्यांना आश्रमात ठेवून गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत आणि मालिश करत.

मुसलमान वाचकांना या भूमीवर आपली माणसे शोधावी लागत नाहीत, ती भेटतात. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर खान अब्दुल गफ्फार खान यांना आपल्या सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायची बंदी होती. ते वर्ध्यात जमनालालजींकडे राहिले आणि त्याच वर्षी पुन्हा अटक झाली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यसमितीने वर्ध्यात 'भारत छोडो'चा जो ठराव केला, त्या वेळी अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. आश्रमाच्या प्रार्थनेत सूरह फातिहा तेव्हाही होती, आजही आहे. पिंपळाखालच्या त्या मोकळ्या प्रार्थनाभूमीवर एका मुलीने ती मनातल्या मनात म्हटली, असे तिने बसमध्ये सांगितले.

पण आम्हा शिक्षकांसाठी खरे तीर्थ आणखी वेगळे होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हाताच्या एखाद्या उद्योगातून सगळे शिक्षण द्यावे, आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची कल्पना. परिषदेत जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन उठले. वय चाळीस. त्यांनी आधी शांतपणे सांगितले की हातांनी काम करत शिकणे ही कल्पना शिक्षणशास्त्राला अगदी नवी नाही. मग इशारा दिला की शाळेने स्वतःचा खर्च स्वतः काढण्यावर फार भर दिला, तर शिक्षक गुलामांचे मुकादम होतील आणि गरीब मुलांच्या मेहनतीवर डल्ला मारतील. तसे झाले तर टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल. गांधीजींसमोर हे बोलणे सोपे नव्हते. आणि गांधीजींचे मोठेपण असे की योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद याच टीकाकाराकडे गेले. ख्वाजा गुलाम सय्यदैन त्या समितीत होते. हिंदुस्तानी तालीमी संघ पुढे इथेच, सेवाग्रामला उभा राहिला. उर्दूत आम्ही ज्याला बुनियादी तालीम म्हणतो आणि बी.एड.ला ज्याच्यावर दहा गुणांचा प्रश्न हमखास येई, ती नई तालीम ती हीच. तिला त्या काळी मुस्लिम समाजातून विरोधही झाला, आणि मध्य प्रांतात सरकारने खेड्यातल्या शाळांना 'विद्यामंदिर' नाव दिल्यावर तर नागपुरात नाराजी उफाळली होती. तो इतिहास लपवायचे कारण नाही. आजही नई तालीमच्या आवारात आनंद निकेतन ही शाळा चालते, मुले शेतात आणि स्वयंपाकघरात काम करता करता शिकतात.

आश्रमाबाहेरच्या दुकानांमध्ये मुलांना अर्धा तास मोकळे सोडले. काम दिले होते, काय काय विकायला आहे त्याची यादी करा. याद्या बसमध्ये वाचल्या गेल्या. पुस्तके, खादीचे रुमाल, टोप्या, छोटे शोभेचे चरखे, किल्ल्यांचे छल्ले, तीन माकडे. काही वस्तू सेवाग्रामच्या होत्या आणि काही अशा की त्या महाबळेश्वरलाही तशाच मिळतात, फक्त वर छापलेले नाव बदलते. तीन माकडांवर वाद झाला. काही मुलांचे म्हणणे की पुतळे आपण विकायचे नाहीत, घरी अब्बांना आवडणार नाही. काहींचे म्हणणे की शोभेचा चरखा हाही पुतळाच आहे, कारण त्याच्यावर सूत निघत नाही. हे दुसरे म्हणणे आम्हाला इतके पटले की आमच्या दुकानाचा पहिला नियम तोच झाला. जी वस्तू तिचे काम करत नाही, ती ठेवायची नाही.

मोठ्या माणसांच्या वस्तूंचे काय होते तेही मुलांना सांगितले. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधीजींचा चष्मा, चपला आणि घड्याळ लिलावात निघाले आणि ते १८ लाख डॉलरला घेतले विजय मल्ल्या यांनी, म्हणजे दारूच्या कारखानदाराने. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यांचा आणखी एक चष्मा दोन लाख साठ हजार पौंडांना गेला. वर्ग हसला आणि मग गप्प झाला.

उर्दू शिकवणाऱ्या आमच्या आपांनी मग एक वेगळे दुकान वर्गात आणले. हसरत मोहानी यांना आपण शायर म्हणून ओळखतो, 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा देणारे म्हणून ओळखतो. पण अलीगढला सरकारने त्यांचे 'उर्दू-ए-मुअल्ला' बंद पाडल्यावर त्यांनी स्वदेशी मालाचे दुकान काढले होते, पुढे कानपूरलाही काढले. ते तुरुंगात जात तेव्हा त्यांच्या बेगम निशातुन्निसा सगळा व्याप सांभाळत. मौलाना शिबली नोमानी यांनी थट्टेने म्हटल्याचे सांगतात की हा माणूस आहे की जिन्न, आधी शायर होता, मग राजकारणी झाला, आता बनिया झाला. मुलींना हसरतपेक्षा निशातुन्निसा जास्त आवडल्या. दुकानाच्या पाटीवर त्यांचेच नाव घालायचे असे एकमताने ठरले.

मुंबईतल्या फोर्टमधल्या दुकानाचीही गोष्ट याच जातीची आहे. वंगभंगाच्या वेळच्या स्वदेशीच्या लाटेत, १९०६ च्या सुमारास, लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघाले. विलायती कापडाला उत्तर म्हणून निघालेले ते दुकान आज बॉम्बे स्टोअर या नावाने चालते आणि परदेशी पाहुणे तिथून भारताची आठवण म्हणून भेटवस्तू नेतात. शंभर वर्षांत चळवळीचे दुकान आठवणीचे दुकान झाले. यात वाईट काही नाही, दुकानाला जगावे लागतेच.

याच्या अगदी उलट उदाहरण नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर दरवर्षी असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तिथल्या दुकानांतही लॉकेट, कॅलेंडर, फोटो असतात. पण गर्दी असते ती पुस्तकांवर. डोक्यावर बोचके घेतलेली, स्वतः अक्षर न ओळखणारी बाई नातवासाठी पुस्तक घेताना आम्ही पाहिली आहे. आमच्या मते आपल्या राज्यात चळवळीच्या आठवणीचे याहून चांगले दुकान नाही. म्हणून दुकानाच्या दर्शनी फळीवर पुस्तके हवीत, हा दुसरा नियम. झाकिर साहेबांच्या मुलांसाठी लिहिलेल्या 'अब्बू खाँ की बकरी'च्या प्रती आम्ही मिळवल्या आणि त्या विकल्याही गेल्या.

पुढचे पंधरा दिवस टकळीचे. वर्ध्याहून आणलेल्या टकळ्या आणि पेळू वर्गात वाटले. पहिले तीन दिवस सूत तुटणे, पेळू फिसकटणे आणि एकमेकांवर हसणे यातच गेले. चौथ्या दिवशी मोहल्ल्यातले एक जुने विणकर, ज्यांना सगळे नाना म्हणतात, मुलांना बोट कसे धरायचे ते दाखवायला आले. त्यांनी आयुष्यभर विणले, कातले कधीच नाही. टकळीचे सूत चिमटीत धरून त्यांनी ओढून पाहिले आणि म्हणाले, "बेटा, हे माझ्या मागावर चढवले असते तर दिवसभर गाठी मारत बसलो असतो. आम्ही गिरणीचेच सूत विणले."

वर्गात शांतता पसरली. म्हणजे आपल्या दादा-नानांनी विणले ते खादी नव्हते? नव्हते. सूतही हाताचे आणि विणकामही हाताचे असेल तेव्हाच ती खादी; सूत गिरणीचे आणि माग हाताचा असेल तर ते हातमागाचे कापड. हा फरक पुस्तकात एका ओळीत येतो, पण मोमीन घरातल्या पोराला तो लागतो. तुटणारे सूत विणायला विणकर नाखूष असत, ही चरखा संघाचीही जुनी अडचण होती. चळवळीला विणकर हवा होता आणि विणकराला पोट होते. एका मुलाने विचारले, मग नानांचा धोटा आपल्या दुकानात बसतच नाही का? बराच वेळ बोलणे झाले. शेवटी एक वेगळी फळी ठरली, तिच्यावर चिठ्ठी लावायची: 'हातमाग, कामठी. हे खादी नाही. हे आमचे आहे.' शब्द मुलांचेच आहेत, आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले. नानांनी त्या फळीसाठी आपला धोटा दिला, शिसवी लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, मधे हाताच्या घामाने काळा झालेला.

याच सुमारास नागपूरच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून निरोप आला. शाळेच्या दुकानासाठी कापडी पिशव्या, वर चरख्याचे चित्र आणि 'खादी' असे छापलेले, अगदी स्वस्तात. नमुना आला तो यंत्रमागाच्या कापडाचा होता, विणकरांच्या मुलांनी तो बोटाने चोळून ओळखला. काही मुलांना मोह झाला. पाणीपुरीवाल्या सातवीला हरवायचे असेल तर असा माल हवाच, असे त्यांचे म्हणणे, आणि कोणाला काय कळणार आहे? त्यांना गप्प केले ते एका मुलाने. वर ठेवलेले कोरडे धान्य आणि आत हात घातल्यावर लागलेले ओले धान्य, प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात त्या ढिगाजवळ थांबले ती हदीस सगळ्यांना पाठ आहे, त्याने फक्त तेवढेच म्हटले, "आपली पिशवी आतून ओली आहे." नमुना परत गेला. कायद्याच्या बाजूनेही हे योग्यच होते. २०१३ पासून 'खादी मार्क'चे नियम आहेत, प्रमाणपत्राशिवाय माल खादी म्हणून विकता येत नाही. मग आपण कातलेल्या सुतावर काय लिहायचे? 'टकळीवर हाताने कातलेले सूत', एवढेच. खरे तेवढेच.

किंमत ठरवायची वेळ आली तेव्हा गणिताच्या सरांना बोलावले. जुन्या मापात चार फूट सूत म्हणजे एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे सुमारे ७८० मीटर. आमच्या वर्गातली सर्वांत चांगली कातणारी मुलगी तासाला तीस तार काढी. म्हणजे एका गुंडीला एकवीस तासांच्या वर. तासाला पन्नास रुपये मजुरी धरली तर कापूस सोडूनच गुंडी हजाराच्या पुढे जाते, आणि अजून विणणे बाकीच आहे. मगनवाडीच्या कापडाची किंमत पाहून चपापलेल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले. तेव्हा त्यांना १९३५ ची गोष्ट सांगितली. कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असे गांधीजींनी चरखा संघाला ठरवायला लावले. खादी महाग होईल, खप बसेल, असे त्यांच्याच कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. खादी महागलीही. पण स्वस्त खादीसाठी कातणारीला उपाशी ठेवायचे असेल तर ती गिरणीच्या कापडापेक्षा चांगली कशी?

या हिशेबातून मुलांनी आपला माल शोधून काढला. एका तासाचे सूत! तीस तारांची लहानशी लड, जाड हातकागदाच्या कार्डावर गुंडाळलेली, खाली लिहिलेले, 'हे एका तासाचे काम आहे', किंमत पन्नास रुपये. कार्डाच्या मागच्या बाजूला हिशेब: कापूस किती, कार्ड किती, मजुरी किती. दुकानात यापेक्षा चांगली वस्तू आम्हाला तिघांना मिळून सुचली नसती. तिच्याकडे पाहिले की वर्ध्याच्या कापसाच्या शेतापासून आपल्या अंगावरच्या कुर्त्यापर्यंत मधे किती हात येतात ते कळते, आणि कपाशीच्या हंगामात भावासाठी हिंगणघाटच्या बाजारात रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याची आठवण होते.

इथे झाकिर साहेबांचा इशारा कामाला आला. कार्डे छान दिसू लागली तशी मोठ्यांची मागणी वाढू लागली. शंभर करा, दोनशे करा, पाहुण्यांना द्यायला होतील. आम्ही तिघांनी ठाम नकार दिला. रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त कोणी कातायचे नाही, अभ्यासाच्या तासाला टकळी बाहेर काढायची नाही, कोणाला ठरावीक आकडा द्यायचा नाही. ज्या मुलांना कातायचा कंटाळा आला ती कार्डे कापत, हिशेब लिहीत, किंवा काहीच करत नसत. मजुरीचे पैसे शाळेच्या निधीत टाकावेत असाही एक प्रस्ताव होता. तो आम्ही मान्य केला नाही. ज्याने कातले त्याचे पैसे त्याला, बाकी नफ्यातून वर्गासाठी पुस्तके. मेळाव्याच्या आदल्या दिवशी मोजली तेव्हा कार्डे भरली अडतीस.

दुकानाची मांडणी साधीच होती. दोन बाके, त्यांवर एका आजीने दिलेली हातमागाची जुनी चादर. दर्शनी भागात पुस्तके, मधे सुताची कार्डे, बाजूला हातकागदाच्या वह्या, मागे कामठीची फळी. पुढच्या कोपऱ्यात एक मुलगी टकळी घेऊन बसलेली. जो येईल त्याने आधी एक तार काढून पाहायची, मग किंमत विचारायची. ही शक्कल मुलांची. तिचा परिणाम असा झाला की किंमतीवर घासाघीस करणारे फार थोडे निघाले. एक तहसील कचेरीतले साहेब दहा मिनिटे प्रयत्न करून एकही तार न काढता उठले आणि त्यांनी तीन कार्डे घेतली. बुरख्यातल्या एका वृद्ध बाईंनी मात्र टकळी हातात येताच सरसर तार काढला. लहानपणी शाळेत शिकवत असत, म्हणाल्या, चौथीपर्यंतच शिकले, पण हे राहिले. मुले त्यांच्याभोवती जमली आणि तासभर विक्री थांबली.

अडतीस कार्डे झोहरच्या आधी संपली. वह्या निम्म्या उरल्या. सातवीची पाणीपुरी नेहमीप्रमाणे पहिली आली.

दुपारी एका पाहुण्याने धोट्याची किंमत विचारली. विकायचा नाही म्हटल्यावर पाचशे देऊ केले, मग हजार. काउंटरवरच्या मुलाने सांगितले की माल आमचा नाही, मालकाला विचारतो, आणि तो खरोखरच धावत नानांच्या घरी गेला. नाना जेवत होते. त्यांनी विचारले, "त्यांना कशाला हवा आहे?" बैठकीत ठेवायला, मुलाने सांगितले. नानांनी घास संपवला आणि म्हणाले, "माझ्याही बैठकीतच आहे ना."

सोमवारी मुलांनी धोटा परत नेऊन दिला. नानांनी दोन्ही टोके अंगठ्याने तपासली, कापडात गुंडाळला आणि विचारले की पुढच्या वर्षी माग मांडायचा असेल तर शाळेत खड्डा खणायला परवानगी मिळेल का. हेडमास्तरांशी आमचे बोलणे चालू आहे.